टाईप करता करता हिशोब

एक्सेल आपल्या सगळ्यांनाच येतं, निदान आपण तसं समजतो. सर्व्हेईंगची टेबलं, प्रॅक्टिकलचे ग्राफ, सबमिशनच्या आदल्या रात्रीची कॉपी-पेस्ट, एवढं जमलं की आपली मजल पुरी झाली असं मलाही वाटत होतं. नंतर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मामाच्या दुकानासाठी मी एक फॉर्म बनवला आणि एका साध्या कॉमाने मला जे शिकवलं ते कुठल्याच प्रॅक्टिकलने शिकवलं नव्हतं. त्या फॉर्मबद्दल हा लेख आहे. तो कसा बनवायचा हे सांगतेच, पण तो कुठे फसतो हेही सांगणार आहे, कारण खरा अभ्यास तिथेच आहे.

दुकान आणि गरज

मामाचं दुकान बदलापूर पश्चिमेला, सोनिवलीत. बांधकामाचं सामान: रेती, क्रश सँड, खडी, विटा, सिमेंट. आजूबाजूला मोठ्या इमारती उठतायत, पण मामाचं खरं गिऱ्हाईक म्हणजे जुनी खोली पाडून नवी बांधणारा, नाहीतर वर एक मजला चढवणारा साधा माणूस. हिशोब सगळा वहीत. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला (२७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तोच पूर), तेव्हा खालच्या फळीवरच्या वह्या भिजून लगदा झाल्या. त्यानंतर मामाने सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि तो माळ्यावर ठेवायचं सोडून काउंटरवर ठेवला.

मामा म्हणाला, "इंजिनिअरबाई, मला ते चौकोनांचं पान नको. मी माप टाकणार, दर टाकणार, आणि टाकता टाकता खाली पैसे दिसले पाहिजेत. बटण दाबायला लावू नकोस. आणि स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवता आला पाहिजे. त्यालाही कळू दे आपण काय लावतोय ते."

शेवटचं वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आता वाटतं, सगळी मागणी त्या एका वाक्यात होती.

"टाकता टाकता" म्हणजे काय?

एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे आपोआप बदलावेत, ही कल्पना स्प्रेडशीटच्या जन्मापासूनची. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर मोठं कोष्टक मांडलं आणि त्यातला एक आकडा चुकला, की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, ही कटकट त्याला खटकली. त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर केलेला व्हिसिकॅल्क हा प्रोग्राम १९७९ मध्ये बाजारात आला. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. व्हीबीए ही भाषा १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये आली, आणि आपण ज्याला यूझरफॉर्म म्हणतो तो एक्सेल ९७ पासून आहे. थोडक्यात, हे तंत्र आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठं आहे, आणि अजूनही कितीतरी दुकानं-ऑफिसं त्यावर चालतात.

सेलमध्ये हे सगळं आपोआप होतं. फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्समध्ये मात्र काहीच आपोआप होत नाही. ते आपण करायचं असतं.

सगळ्यात सोपी पद्धत

तुम्हाला फक्त उत्तर मोठ्या अक्षरात दाखवायचं असेल, तर कोडची गरजच नाही. शीटवर इन्सर्टमधून एक टेक्स्ट बॉक्स काढा. त्याची कड निवडा, वर फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाका, ज्या सेलमध्ये उत्तर आहे त्यावर क्लिक करा आणि एंटर दाबा. झालं. सेल बदलला की बॉक्स बदलतो. अट एकच: इथे एकाच सेलचा पत्ता चालतो, आत गणित लिहिता येत नाही. "बाकी रुपये अमुक" असं वाक्य हवं असेल तर ते आधी एखाद्या सेलमध्ये जोडून घ्या आणि बॉक्सला त्या सेलचा पत्ता द्या.

पण यात टाईप सेलमध्येच करावं लागतं. मामाला चौकोनांचं पान नको होतं, म्हणून यूझरफॉर्म.

फॉर्मची मांडणी

ऑल्ट आणि एफ११ दाबून व्हीबीएचा एडिटर उघडा. इन्सर्टमधून यूझरफॉर्म घ्या. टूलबॉक्समधून टेक्स्टबॉक्स ओढून ठेवा. माझ्या पहिल्या फॉर्मवर सहा होते: लांबी, रुंदी, उंची, दर, हमाली आणि आगाऊ. हे झाले भरायचे. खाली तीन दाखवायचे: ब्रास, एकूण आणि बाकी.

ज्यांना ब्रास माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे रेती-खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि माल भरलेली उंची फुटात मोजायची, तिन्ही गुणायची आणि १०० ने भागायचं. सिव्हिलवाल्यांना पेपरात घनमीटर भेटतो, पण साईटवर गेल्यावर पहिल्याच दिवशी ब्रास भेटतो.

दाखवायच्या बॉक्सचं लॉक्ड हे गुणधर्म ट्रू करा आणि टॅबस्टॉप फॉल्स. म्हणजे त्यात कुणी टाईप करू शकत नाही आणि टॅब दाबत जाताना कर्सर तिथे थांबत नाही. एनेबल्ड फॉल्स केलंत तर आकडा राखाडी पडतो आणि काउंटरपलीकडच्या माणसाला वाचता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक टेक्स्टबॉक्सला चेंज नावाची एक घटना असते. बॉक्समध्ये एक जरी अक्षर वाढलं किंवा खोडलं तरी ती घडते. त्यात लिहिलेला कोड प्रत्येक कळीला चालतो. मी सुरुवातीला सहाही बॉक्सच्या चेंजमध्ये गणित लिहिलं. सहा ठिकाणी तेच गणित, त्यातलं एक दुरुस्त केलं की पाच जुनीच राहायची. तुम्ही तसं करू नका. "हिशोब" नावाचा एकच सब लिहा आणि प्रत्येक चेंजमध्ये फक्त "कॉल हिशोब" एवढी एक ओळ ठेवा. (कोडमधली नावं इथे देवनागरीत देतेय. एडिटरमध्ये ती रोमन अक्षरांतच टाईप करायची.)

काही जण विचारतील, बॉक्सच्या कंट्रोलसोर्समध्ये सेलचा पत्ता दिला तर काम होत नाही का? होतं, पण टाकता टाकता होत नाही. कर्सर बॉक्सच्या बाहेर पडल्यावरच आकडा सेलमध्ये उतरतो. आणि तो सेल फॉर्म्युल्याचा असेल, बॉक्समध्ये कुणी काही बदललं, तर फॉर्म्युला पुसला जाऊन तिथे साधा आकडा बसतो. म्हणून मी कंट्रोलसोर्स रिकामाच ठेवला.

पहिला खड्डा: अधिकचं चिन्ह

फॉर्म चालू केला. लांबी १४, रुंदी ७, उंची ३ टाकली. २.९४ ब्रास. बरोबर. मी खूश. मग हमाली ४०० टाकली, भाडं १५० म्हणून आणखी एक बॉक्स घेतला होता त्यात १५० टाकले. बेरीज दाखवली ४००१५०.

कारण सोपं आहे. टेक्स्टबॉक्समध्ये जे असतं ते आकडा नसतो, अक्षरं असतात. गुणाकार, भागाकार, वजाबाकी ही चिन्हं दिसली की व्हीबीए त्या अक्षरांचा आकडा करून घेतं, कारण अक्षरांचा गुणाकार होऊच शकत नाही. पण अधिकच्या चिन्हाचे दोन अर्थ आहेत. आकडे असतील तर बेरीज, अक्षरं असतील तर जोडणी. दोन्हीकडे अक्षरं दिसली, त्याने जोडून टाकली. तीन क्रिया बरोबर आल्या म्हणून चौथीही येईल, हे मी गृहीत धरलं होतं.

यावर उपाय म्हणून मी व्हॅल हे फंक्शन वापरलं. ते अक्षरांतून आकडा काढतं. आणखी एक फायदा झाला. आधी एखादा बॉक्स रिकामा असला की "टाईप मिसमॅच" असा एरर येऊन फॉर्म बंद पडायचा. व्हॅलला रिकामं दिलं तर ते मुकाट्याने शून्य देतं. एरर गेला. सगळ्या बॉक्सना व्हॅल लावून मी फॉर्म मामाला दिला आणि कॉलेज सुरू झालं म्हणून घरी गेले.

मुकाट्याने हा शब्द लक्षात ठेवा.

बाकी ४२,४९०

दिवाळीत सोनिवलीला गेले तेव्हा मामाने मोठ्या कौतुकाने उधारीची यादी दाखवली. आता फॉर्ममधूनच ती शीटमध्ये उतरत होती. मी सहज नजर फिरवत होते. एका नावापुढे एकूण ४२,५०० आणि बाकी ४२,४९० होती.

मी विचारलं, "मामा, यांनी दहाच रुपये दिले?"

मामा हसला. "दहा रुपये कोण देतं गं? ते काका आहेत ना मागच्या आळीतले, खोली बांधतायत. दहा हजार आगाऊ दिले होते त्यांनी."

मी फॉर्म उघडला, एकूण ४२,५०० येईल असं माप टाकलं आणि आगाऊच्या बॉक्समध्ये मामाला टाईप करायला सांगितलं. मामा हिशोबाला बसलेला माणूस, तो कॉमा टाकल्याशिवाय हजार लिहीत नाही. १ टाकला, बाकी ४२,४९९ झाली. ० टाकलं, ४२,४९०. मग कॉमा. त्यानंतर तीन शून्यं टाकली, पण बाकी जागची हलली नाही.

व्हॅल डावीकडून वाचत जातं आणि न कळणारं पहिलं अक्षर आलं की तिथेच थांबतं. कॉमा त्याला कळत नाही. म्हणून १०,००० म्हणजे त्याच्या लेखी १०. एरर नाही, बीप नाही, लाल खूण नाही. गंमत म्हणजे मी व्हॅल लावलंच नसतं तर साध्या वजाबाकीत व्हीबीएने कॉमासकट आकडा बरोबर वाचला असता. रिकाम्या बॉक्सचा एरर घालवायला मी व्हॅल आणलं. ओरडणारी चूक घालवली आणि गप्प बसणारी चूक घरात घेतली.

मी फॉर्म तपासला नव्हता असं नाही, चांगला वीस वेळा तपासला होता. पण प्रत्येक वेळी मी १०००० असंच टाकलं होतं, कॉमा न देता. आपण लिहिलेला प्रोग्राम आपणच तपासला की हात आपोआप चांगल्या वाटेनेच जातो.

मामाने मला त्या दिवशीची गोष्ट सांगितली. स्क्रीन फिरवून दाखवला तेव्हा काकांनी विचारलं होतं, "शेठ, माझे दहा हजार यात धरलेत ना?" मामाने आगाऊच्या बॉक्सकडे बोट दाखवलं. तिथे १०,००० दिसतच होते. "हे काय काका, धरलेत. मशीनचा हिशोब आहे." काका काही बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी मामा पावतीपुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेला, मीही गेले. नव्या भिंती छातीइतक्या उठल्या होत्या. मामाने सरळ सांगितलं, "काका, हिशोब चुकला होता. बाकी बत्तीस हजार पाचशे आहे." काकांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "मला वाटलं मीच काहीतरी विसरतोय. स्क्रीनवर दिसत होतं ना, म्हणून म्हटलं आपलंच चुकलं असेल."

हे वाक्य ऐकून मला जे वाटलं ते लेखात लिहिण्यासारखं नाही. पण आपल्या फॉर्मपुढे बसणारा माणूस स्वतःच्या आठवणीपेक्षा आपल्या बॉक्सवर जास्त विश्वास ठेवतो, हे प्रत्येक इंजिनिअरने एकदा समजून घ्यावं. टाकता टाकता हलणारा आकडा तर जास्तच खरा वाटतो.

दुरुस्ती: मशीनला काय कळलं ते दाखवा

माझ्या फॉर्ममध्ये चूक दोन ठिकाणी होती. एक व्हॅलची. दुसरी त्याहून मोठी: आगाऊच्या बॉक्समध्ये जे दिसत होतं ते मामाने टाईप केलेलं होतं. मशीनने त्यातून काय घेतलं ते कुठेच दिसत नव्हतं. भरलेलं दिसत होतं आणि उत्तर दिसत होतं, मधली पायरी झाकलेली होती.

म्हणून नव्या फॉर्ममध्ये प्रत्येक भरायच्या बॉक्सशेजारी एक लहान लेबल ठेवलं. मशीनला कळलेला आकडा तिथे येतो. जुन्या फॉर्मवर हे लेबल असतं तर १०,००० शेजारी १० दिसलं असतं आणि काकांनीच चूक पकडली असती.

आता वाचणाऱ्या फंक्शनबद्दल. मी त्याचं नाव "वाच" ठेवलं. सगळे बॉक्स याच्यातूनच जातात. पायऱ्या अशा:

१. बॉक्समधला मजकूर घ्या आणि ट्रिमने पुढची-मागची रिकामी जागा काढा.

२. काहीच उरलं नाही तर "रिकामा" असं उत्तर द्या. शून्य देऊ नका.

३. रिप्लेस वापरून कॉमा काढून टाका.

४. उरलेल्यात ० ते ९ आणि बिंदू यांखेरीज काही आहे का ते लाईक या ऑपरेटरने पाहा. असेल, किंवा बिंदू एकापेक्षा जास्त असतील, किंवा नुसताच बिंदू असेल, तर "कळलं नाही" असं उत्तर द्या.

५. इथपर्यंत आलं तरच व्हॅल लावा. आता ते सुरक्षित आहे.

तयार मिळणारं इजन्यूमेरिक हे फंक्शन मी मुद्दाम टाळलं. ते फार उदार आहे. १ई३ यालाही ते आकडा मानतं (१ गुणिले १०००), आणि कंसात लिहिलेल्या ५०० ला उणे ५०० समजून पास करतं. दुकानाच्या काउंटरवर असा आकडा कुणी मुद्दाम टाकत नाही, चुकून मात्र टाकू शकतं.

काही जण कीप्रेस घटनेत अंकांशिवाय बाकीच्या कळाच बंद करतात. चांगली सवय आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेला मजकूर त्या चाळणीतून जात नाही.

"वाच" कडून तीन प्रकारची उत्तरं येतात: आकडा, रिकामा, कळलं नाही. "कळलं नाही" आलं तर त्या बॉक्सचा रंग फिकट लाल करा आणि खालचे सगळे आकडे कोरे ठेवा. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी. "रिकामा" आलं तर थोडा विचार करावा लागतो. हमाली रिकामी म्हणजे हमाली नाही, तिथे शून्य धरणं योग्य. पण दर रिकामा म्हणजे माल फुकट नव्हे, दर अजून टाकायचा आहे. तिथे एकूण कोरं राहिलं पाहिजे. कुठलं रिकामं म्हणजे शून्य आणि कुठलं म्हणजे "माहीत नाही", हे कोड ठरवू शकत नाही. ते मामाला विचारूनच ठरवावं लागलं.

फूट आणि इंच

कॉमा सापडल्यावर मी बाकीचे बॉक्सही संशयाने बघायला लागले, आणि दुसरी चूक निघाली. ती कोडमध्ये नव्हती, बॉक्सच्या मांडणीत होती.

गाडी मोजणारा पोरगा उंची सांगतो "तीन दहा". म्हणजे ३ फूट १० इंच. मामा टाकतो ३.१०. मशीन वाचतं ३.१. खरी उंची आहे ३.८३ फूट. हौदा १४ बाय ७ चा असेल तर खरा माल ३.७६ ब्रास, आणि फॉर्म सांगतो ३.०४. पाऊण ब्रासच्या आसपास नुकसान, तेही मामाचं. उलट "तीन तीन" म्हणजे ३ फूट ३ इंच, ३.२५ फूट. ते ३.३ टाकलं की गिऱ्हाइकाला जादा लागतं. चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, म्हणून वर्षभराच्या बेरजेत ती कुणाच्या डोळ्यावरही येत नाही.

काही जण "१४ ६" असं मध्ये जागा सोडून टाकतात. जुन्या फॉर्मचं काय झालं असतं? व्हॅल मधल्या रिकाम्या जागा गिळून टाकतं. १४ फूट ६ इंचाचा हौदा झाला १४६ फुटांचा!

उपाय एकच: फुटाचा बॉक्स वेगळा, इंचाचा वेगळा. इंच १२ किंवा जास्त आले तर बॉक्स लाल. गणितात इंच भागिले १२ करून फुटात मिळवायचे. कोडमध्ये हुशारी करून "तीन दहा" ओळखण्यापेक्षा चूक टाकायला जागाच न ठेवणं सोपं पडतं.

दिसतो तोच आकडा पुढे

वरच्याच गाडीला उदाहरण म्हणून ब्रासला ४,००० रुपये दर लावू. फॉर्मच्या आत ब्रास आहे ३.७५६६६..., दाखवतो ३.७६. एकूण येतात १५,०२७. गिऱ्हाईक स्क्रीनवरचे ३.७६ मोबाईलवर ४,००० ने गुणतो, त्याला मिळतात १५,०४०. तेरा रुपये इकडे-तिकडे. पैशाचं काही नाही, पण त्याला वाटणार की आत काहीतरी वेगळं चाललंय. म्हणून आधी ब्रास दोन दशांशांपर्यंत राऊंड करा आणि पुढचा गुणाकार त्याच आकड्याने करा. स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यांवरून कुणालाही तेच उत्तर काढता आलं पाहिजे.

राऊंड करतानाही एक गंमत आहे. व्हीबीएचं राऊंड आणि शीटमधलं राऊंड सारखं नाही. बरोबर अर्धा उरला की व्हीबीए जवळच्या सम आकड्याकडे जातं, शीट वरच्या आकड्याकडे. १,२४२.५० चे फॉर्ममध्ये १,२४२ होतील आणि शीटमध्ये १,२४३. फॉर्म आणि छापील बिल यांत एक रुपयाचा फरक येऊ लागला तर कारण बहुधा हेच. फॉर्ममध्येही वर्कशीटफंक्शनचं राऊंड वापरा म्हणजे दोन्हीकडे सारखं येईल.

लाखांचे कॉमा हवे असतील तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, सेलमध्ये १,२५,००० असं आपोआप दिसतं. मी उत्तर आधी एका सेलमध्ये टाकते आणि त्या सेलचं टेक्स्ट हे गुणधर्म वाचून बॉक्समध्ये दाखवते, म्हणजे सेलमध्ये जसं दिसतं तसंच बॉक्समध्ये येतं. अगदी तसंच येतं! कॉलम अरुंद असला तर बॉक्समध्येही #### येतात. कॉलम रुंद ठेवा.

भरायच्या बॉक्समध्ये मात्र टाईप चालू असताना कॉमा घालायला जाऊ नका. चेंजमध्ये त्याच बॉक्सचा मजकूर बदलला की चेंज पुन्हा घडते आणि कर्सर भलतीकडे उडी मारतो. सजावट करायचीच असेल तर कर्सर बाहेर पडताना, एक्झिट घटनेत करा. सूट टक्क्यांत आणि रुपयांत असे एकमेकांना बदलणारे दोन बॉक्स असतील तर हाच त्रास दुप्पट होतो. तिथे एक "मी बदलतोय" असा ट्रू-फॉल्स व्हेरिएबल ठेवा आणि तो ट्रू असेल तर चेंजमधून लगेच बाहेर पडा. एनेबलइव्हेंट्स बंद करून भागत नाही, फॉर्मवरचे बॉक्स त्याला जुमानत नाहीत.

दर कोडमध्ये नकोत, सेलमध्ये

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मी जर २८ हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवला असता तर मामाला मला फोन करावा लागला असता, आणि मी परीक्षेत असते तर गिऱ्हाइकांना दहा टक्के जास्त लागले असते. बदलू शकणारा प्रत्येक आकडा "दर" नावाच्या शीटवर ठेवा, फॉर्म तिथून वाचेल.

त्याच शीटवर मराठी लेबलंही ठेवा. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी कळत नाही, तिथे लिहिलेलं "लांबी" प्रश्नचिन्हं होऊन जातं. पण सेलमध्ये मराठी नीट राहतं आणि फॉर्म उघडताना इनिशियलाईझ घटनेत लेबलचं कॅप्शन त्या सेलमधून घेतलं की फॉर्मवर स्वच्छ मराठी दिसतं. आजोबांना "लेंग्थ" आणि "बॅलन्स" दाखवून स्क्रीन फिरवण्यात काय अर्थ?

शेवटी फाईल एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करा, नाहीतर कोड पुसला जाईल. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो २०२२ पासून एक्सेल आपणहून अडवतं. मेलने पाठवलेला फॉर्म चालला नाही तर फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करावी लागते. ती खूण आपल्याच माणसाच्या फाईलवर करा, कुठल्याही फाईलवर नव्हे. आणि हा फॉर्म मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये चालत नाही, त्याला कॉम्प्युटरच हवा.

करून बघा

ज्यांना फॉर्म बनवायचा आहे त्यांच्यासाठी ही माझी तपासणीची यादी. प्रत्येक भरायच्या बॉक्समध्ये एकेक टाका आणि शेजारच्या लेबलमध्ये काय येतं ते बघा: काहीच नाही, १००००, १०,०००, १,२५,०००, "१४ ६", ३.१०, नुसता बिंदू, उणे पाच, देवनागरी अंक, "दहा", दुसरीकडून पेस्ट केलेला आकडा. प्रत्येक वेळी एकतर बरोबर आकडा यावा, नाहीतर बॉक्स लाल होऊन खालची उत्तरं कोरी व्हावीत. तिसरं काही झालं तर तुमच्याही फॉर्ममध्ये कुठेतरी ४२,४९० दडलेले आहेत. ३.१० ला मात्र ही यादीही फसते, ३.१ असा सभ्य आकडा येतो आणि काहीच लाल होत नाही. म्हणूनच ते दोन बॉक्स वेगळे.

यादी संपली की फॉर्म अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तो कसा बनवलाय ते माहीत नाही. मागे उभे राहा आणि त्याला काही सांगू नका. मी मामाला पहिल्याच दिवशी एकदा आगाऊ टाकायला सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

काकांची खोली पूर्ण झाली. मामा आता स्क्रीन फिरवला की आधी शेजारची लहान लेबलं वाचून दाखवतो, मग एकूण. गिऱ्हाइकाने मान हलवली तरच बिल छापतो.